डॉसवाला लॅपटॉप आणि कोसबाडचे शिंपले

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घोलवड-बोर्डी पट्ट्यात एक प्रश्न ठरलेला असतो. पोराला कॉलेजला लॅपटॉप लागणार, पंचवीस-तीस हजारांच्या वर जाता येत नाही, कोणता घ्यावा? चिकूला भाव बरा मिळाला असेल तर आकडा थोडा वर सरकतो, नाहीतर हप्ते. मी या विषयात थोडी लुडबुड करतो हे माहीत असल्यामुळे बरेच जण मला विचारतात. त्यातले निम्मे हळूच पुढचं विचारतात, "दुकानदार म्हणतो डॉसवाला घ्या, तीन-चार हजारांनी स्वस्त पडेल, विंडोज आम्ही टाकून देतो. घेऊ का?"

हा "डॉसवाला" शब्द नीट ऐका. अशा लॅपटॉपवर कंपनीने विंडोज दिलेलं नसतं. कधी नावापुरतं फ्री-डॉस असतं, तर कधी चक्क उबुंटू, म्हणजे लिनक्स असतं. दुकानात मशीन उघडलं जातं, आत काय आहे ते न दाखवताच पुसलं जातं आणि त्यावर चोरीचं विंडोज चढतं. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. एक पूर्ण, फुकट आणि कायदेशीर ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या पिशवीत आली होती आणि घरी पोहोचण्याआधीच गेली, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्वस्त लॅपटॉपवर लिनक्सचा पर्याय द्यायचे प्रयत्न जगात झाले, देशात झाले, महाराष्ट्रातही झाले. ते कसे झाले आणि आपल्यापर्यंत का पोहोचले नाहीत, याची ही गोष्ट. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. शेवटी आपल्या शाळांशी संबंधित एक कामाचा मुद्दाही आहे.

पण सुरुवात संगणकापासून नको. सुरुवात आपल्या कोसबाडपासून करू.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, निदान शाळेच्या कार्यक्रमात तरी ऐकलेलं आहे. पण त्या कामातली एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. ताराबाई मॉंटेसोरी पद्धतीच्या शिक्षिका. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलेलं. मॉंटेसोरी पद्धतीत मुलाच्या हातात साधनं द्यावी लागतात. ठोकळे, दट्ट्या, मणी, रंगांच्या पाट्या, सगळं ठराविक मापाचं आणि सुबक. ही साधनं महाग होती. शहरातल्या बालमंदिराला ती परवडत, वारली पाड्यावरच्या बालवाडीला परवडणं शक्यच नव्हतं.

मग ताराबाई-अनुताईंनी काय केलं? साधनामागचं तत्त्व ठेवलं आणि साधन बदललं. शिंपले, खडे, बिया, पानं, बांबू, माती. मोजायला शिंपले, वर्गवारीला बिया, आकारांना पानं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द इथून पुढे देशभर गेला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. हे करता आलं, कारण त्या पद्धतीला हात लावायची, ती उघडून बघायची आणि आपल्या मातीप्रमाणे बदलायची मोकळीक त्यांनी घेतली. "साधनं बाहेरून आली आहेत, तशीच वापरा, मोडली तर बाहेरूनच मागवा" असं त्या म्हणत बसल्या असत्या तर कोसबाड झालंच नसतं.

आणि तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट. शिंपले किनाऱ्यावर कायमच होते. त्यांचं शिक्षणाचं साधन झालं ते तिथे राहून रोज मुलांबरोबर बसणाऱ्या माणसांमुळे. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहेत. एक, उघडून बदलायची मोकळीक. दोन, जवळचं माणूस.

आता लिनक्स म्हणजे काय ते दोन ओळींत. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची प्रणाली कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता यावी, हा हट्ट. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या प्रणालीला हवा असलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. दोन्ही मिळून जी प्रणाली झाली, तिची उबुंटू, फेडोरा, डेबियन अशी अनेक रूपं आहेत. ती फुकट मिळते, हा तिचा दुय्यम गुण. मुख्य गुण म्हणजे तिची कुलपं उघडी आहेत.

स्वस्त यंत्र आणि उघडी प्रणाली यांची जोडी आपल्या देशात फार लवकर जुळली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे अभियंते यांनी १९९९ मध्ये "सिंप्यूटर"ची कल्पना पुढे आणली. तळहातावर मावणारं, लिनक्सवर चालणारं, भारतीय भाषांत बोलू शकणारं यंत्र. त्यात स्मार्ट कार्डची खाच होती. म्हणजे यंत्र गावाचं, कार्ड प्रत्येकाचं. आपापलं कार्ड घालायचं, आपलं काम करायचं, पुढच्याला द्यायचं. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचा विचार होता. बाजारात यायला २००४ उजाडलं, तोवर मोबाईल फोन स्वस्त व्हायला लागले होते, आणि सिंप्यूटरची विक्री काही हजारांतच अडकली. कल्पना भारतीय, हेतू गावाचा, तरी गावात यंत्र दुरुस्त करणारा नव्हता आणि त्यावर काय करायचं हे शिकवणाराही नव्हता.

जगभर गाजलेला प्रयोग त्यानंतरचा. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये डाव्होसला जाहीर केलं की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलासाठी १०० डॉलरचा लॅपटॉप बनवायचा. "एका मुलामागे एक लॅपटॉप" हे त्या संस्थेचं नावच. यंत्राचं नाव एक्सओ. हिरवं-पांढरं, पकडायला मूठ, उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. फिरणारी हार्डडिस्क नाही, त्यामुळे पडलं-झडलं तरी सहसा बिघडत नाही. आत फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी खास बनवलेला "शुगर" नावाचा दर्शनी भाग.

ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी आपली मॅक प्रणाली या लॅपटॉपसाठी फुकट देऊ केली होती, आणि संस्थेने ती नाकारली. कारण एवढंच की ती उघडी नव्हती. फुकट असूनही नको, कारण मुलाला आत डोकावता येणार नाही. एक्सओच्या कळफलकावर तर एक स्वतंत्र कळ होती. ती दाबली की समोर चाललेल्या प्रोग्रॅमची मूळ आज्ञावली दिसावी, असा बेत. सगळ्या प्रोग्रॅमना ती सोय प्रत्यक्षात लागू झाली नाही, पण मुलांच्या यंत्रावर "हे आतून कसं चालतं ते बघ" अशी कळ ठेवायचं सुचणं, हीच मला त्या प्रयोगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ताराबाईंना ती कळ आवडली असती.

भारत सरकारने मात्र २००६ मध्ये या योजनेला नकार दिला. मनुष्यबळ विकास खात्याचे त्यावेळचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचं म्हणणं होतं की आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, आणि लहान मुलाला स्वतःचा लॅपटॉप देणं शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने शंकास्पद आहे. त्यावेळी अनेकांनी या नकाराची टिंगल केली. आज मागे वळून बघितलं तर त्यात तथ्य होतं, हे मान्य करावं लागतं. पेरूने लाखो एक्सओ वाटले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. उलट उरुग्वेने २००७ पासून "सेइबाल" योजनेत यंत्रांबरोबर इंटरनेट, दुरुस्ती आणि शिक्षकांचं प्रशिक्षण यांची यंत्रणा उभारली आणि ती योजना आजही चालू आहे. यंत्र सारखंच. फरक भोवतालच्या माणसांचा.

केंद्राचा नकार असला तरी एक छोटा प्रयोग महाराष्ट्रात झालाच, आणि तो आपल्यापासून फार लांब नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैराट नावाच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये एक्सओ लॅपटॉप पोहोचले. भारतातला हा त्यांचा पहिला प्रयोग. वीसेक मुलं, पहिली ते चौथी एकाच खोलीत, गुरुजी एकच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर शिकवलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. मुलं लॅपटॉप घरी न्यायची, फोटो काढायची, आवाज रेकॉर्ड करायची, चित्रं काढायची. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. आणि त्यांचे सहकारी या प्रयोगाशी जोडले गेले. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतलं हे मोठं नाव. प्रणाली उघडी असल्यामुळे तिचं मराठी भाषांतर करायला कुठल्या कंपनीची परवानगी लागणार नव्हती. ज्यांना वाटलं त्यांनी बसून केलं.

खैराटची संख्या वाढून हजार शाळा झाल्या नाहीत. यंत्रं तैवानच्या कंपनीत बनायची, १०० डॉलरची किंमत सुरुवातीलाच १८८ डॉलरच्या घरात गेली होती, आणि पाठीशी राज्याची यंत्रणा नव्हती. एका शाळेचा प्रयोग एका शाळेपुरताच राहिला.

पण या लॅपटॉपने एक काम नकळत केलं. छोटं, कमी ताकदीचं, स्वस्त यंत्र लोकांना हवं आहे, हे त्याने बड्या कंपन्यांना दाखवून दिलं. ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूसने "ई पीसी" बाजारात आणला. सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, आणि आत झँड्रॉस नावाचं लिनक्स. अशा यंत्रांना "नेटबुक" म्हणू लागले. लगोलग जानेवारी २००८ मध्ये एचसीएलने भारतात "मायलीप" आणला, सुमारे १४ हजारांपासून, लिनक्ससह. त्या काळात साधा लॅपटॉप याच्या दुप्पट किमतीला होता. एसरचा छोटा "अस्पायर वन"ही लिनक्ससह आला. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला दुकानात लिनक्स आणि विंडोज शेजारी-शेजारी ठेवून "कोणतं हवं?" असं विचारलं गेलं, असा तो बहुधा एकमेव काळ.

तो जेमतेम वर्ष-दीड वर्ष टिकला. का, ते बघण्यासारखं आहे.

त्यावेळी मायक्रोसॉफ्टचं नवं विंडोज होतं व्हिस्टा. ते एवढं जड की नेटबुकवर चालणं अशक्य. जुनं एक्सपी जून २००८ अखेर बंद होणार होतं. म्हणजे छोट्या यंत्रांच्या बाजारात विंडोजकडे द्यायला मालच नव्हता. मग एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की फक्त स्वस्त छोट्या यंत्रांसाठी एक्सपी आणखी दोन वर्षं, जून २०१० पर्यंत मिळेल. कंपन्यांना ते सवलतीत मिळायचं. मात्र यंत्राचा पडदा, रॅम, डिस्क अमुक मर्यादेबाहेर नको अशा अटी. पाठोपाठ मे २००८ मध्ये एक्सओवरही एक्सपी चालेल अशी घोषणा झाली. ज्या संस्थेने मॅकला "उघडी नाही" म्हणून नकार दिला होता, तिनेच तीन वर्षांत हा बदल केला. शुगरचे कर्ते वॉल्टर बेंडर आधीच बाहेर पडले होते. त्यांनी शुगरचं काम वेगळ्या संस्थेत पुढे नेलं.

२००९ पर्यंत बहुतेक नेटबुकांवर एक्सपीच दिसू लागलं. केवळ बड्या कंपनीची चाल म्हणून हे सोडून देता येत नाही. गिऱ्हाईकही अडखळत होतं. एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्याने २००८ मध्येच सांगितलं होतं की लिनक्सची नेटबुकं एक्सपीच्या चौपट प्रमाणात परत येतात. डेलचा अनुभव वेगळा होता, त्यांच्या मते दोन्हींच्या परतीत फारसा फरक नव्हता. फरक कशामुळे? जिथे कंपनीने घाईघाईत कसलंतरी लिनक्स कोंबलं आणि गिऱ्हाइकाला काहीच सांगितलं नाही, तिथे यंत्र परत आलं. जिथे प्रणाली नीट बसवली आणि विकताना स्पष्ट सांगितलं, तिथे लोकांनी वापरलं.

आपल्याकडच्या अडचणी तर आणखी वेगळ्या होत्या. गावात ब्रॉडबँड नव्हतं, इंटरनेट यायचं ते यूएसबी डोंगलवरून, आणि डोंगलबरोबर यायचं ते विंडोजचं सॉफ्टवेअर. लिनक्सवर तेच डोंगल चालवायला अर्धी रात्र जायची. प्रिंटरचं तेच. व्यापाऱ्याला टॅली हवं, तेही विंडोजवरचं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, चोरीचं विंडोज फुकटच मिळत होतं. अमेरिकेत लिनक्स घेतलं तर चार पैसे वाचायचे. इथे वाचायचा तो फक्त आपला सज्जनपणा. तो वाचवायला कोणाला सवड होती?

त्यात भर पडली शिक्षणाची. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी सुरू झालं. या कोर्सचं श्रेय मोठं आहे. सरकारी नोकरीसाठी तो लागायचा, त्यामुळे लाखो मराठी मुला-मुलींनी पहिल्यांदा माउसला हात लावला तो याच वर्गात. पण तिथे शिकवलं गेलं ते विंडोज आणि त्यावरचं ऑफिस. अख्ख्या पिढीच्या डोक्यात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्कं बसलं. वेगळा पडदा दिसला की "हा बिघडलाय" असं वाटायचं.

मराठी टायपिंगचंही कुलूप होतं. डीटीपीवाले आणि कचेऱ्या श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टांत काम करायच्या. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की अगम्य खुणांची रांगोळी. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे मराठी नाही. मुक्त प्रणालीत मात्र युनिकोड मराठी आधीच आली होती. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने "लोहित" फॉन्ट मुक्त केले. मूळ बनवलेले कोणी? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीच्याच कंपनीने. लिनक्सचे मेनू मराठीत आणायचं बरंचसं काम पुण्यात बसून झालं. २००७ मध्ये चेन्नईच्या सी-डॅकने "बॉस" नावाचं भारतीय भाषांचं लिनक्स काढलं, त्यातही मराठी होती. उद्या कोणाला वारली बोलीतले शब्द घालून पाड्यावरच्या मुलांसाठी मेनू करायचा असेल, तर उघड्या प्रणालीत तो करता येतो. बंद प्रणालीत कंपनीला बाजार दिसेपर्यंत वाट बघत बसायचं.

म्हणजे साधन होतं, भाषा होती, स्वस्त यंत्रही होतं. मग राहिलं काय? याचं उत्तर केरळमध्ये दिसतं. तिथे २००१-०२ च्या सुमारास "आयटी ॲट स्कूल" योजना सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या. त्यांनी आपल्या शाळांसाठी आपलं लिनक्स बनवलं, पुस्तकं त्यावर लिहिली, परीक्षा त्यावर घेतल्या. आणि हे सगळं करायच्या आधी, करताना आणि नंतर शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. आता तिथे "लिटल काइट्स" नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळेतले संगणक सांभाळतात. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटले, त्यावर विंडोज आणि बॉस दोन्ही होतं. सुरू करताना विचारायचं, कोणतं? कागदावर हा उत्तम पर्याय. पण ज्या मुलाला दोनांपैकी एकाचंच नाव माहीत आहे, तो दुसऱ्यावर बोट कशाला ठेवील? केरळने माणसं तयार केली म्हणून तिथे लिनक्स हा पर्याय झाला.

महाराष्ट्रात असं काम तुकड्या-तुकड्यांत झालं. आयआयटी मुंबईने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ध्वनिचित्रफितींची मोठी मालिका केली, त्यातल्या कित्येक मराठीत आहेत, आजही फुकट बघता येतात. तिथल्याच फॉसी गटाने दहा हजारांच्या घरातल्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला. दुसरीकडे २०१५ नंतर "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र"च्या लाटेत जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. प्रोजेक्टर आले, संगणक आले, लॅपटॉप आले. हे दोन प्रवाह एकमेकांना भेटले असते तर? आयआयटीचं साहित्य आणि पाड्यावरची शाळा यांच्यामध्ये जो रस्ता हवा होता, तो आपल्या राज्याने बांधलाच नाही.

आता कामाचा मुद्दा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. विंडोज ११ ला ठराविक नवीन प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा चिप लागते. लोकवर्गणीतून आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीतून आलेले बरेचसे जुने लॅपटॉप या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांच्या कपाटांत अशी यंत्रं आहेत? लवकरच कोणीतरी म्हणेल "हे भंगारात काढा, नवीन मागवा", आणि पुन्हा देणगीदार शोधणं सुरू होईल.

अशा यंत्रांवर हलकं लिनक्स उत्तम चालतं. माझ्याकडे आलेल्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकून दिलं आहे. ब्राउझर, व्हिडिओ, लिबर-ऑफिस, मराठी टायपिंग, लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस, सगळं चालतं. रॅम २ जीबी असेल तर त्याहून हलकं लुबुंटूसारखं काही घ्यावं. साठवणीच्या जागी छोटी एसएसडी टाकली तर वेग आणखी वाढतो. जे चालत नाही तेही सांगतो. टॅली आणि डिजिटल सहीची काही सरकारी कामं अडतात, काही प्रिंटर रुसतात, आणि काही ऑनलाइन परीक्षा विंडोजच मागतात. इंजिनीअरिंगच्या मुलाला कॅडचं ठराविक सॉफ्टवेअर लागणार असेल तर त्याने विंडोज विकत घ्यावं, यात काही कमीपणा नाही. पण चौथीच्या वर्गाला टॅली लागत नाही.

आणि लिनक्स परकं आहे असं वाटत असेल तर खिशातला मोबाईल बघा. ॲंड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. तलासरीच्या बाजारात भाजी विकणारी बाई रोज लिनक्सवर पैसे घेते. तिला कोणी कोर्स केला नव्हता. शेजारणीने दाखवलं, मुलाने दाखवलं, झालं. म्हणजे आपल्या लोकांना नवीन प्रणाली जमत नाही हे खरं नाही. दाखवणारं माणूस जवळ असलं की जमते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती किंवा कोणी देणगीदार शाळेसाठी लॅपटॉप घेईल तेव्हा बैठकीत चार प्रश्न विचारा. यावर कोणती प्रणाली आहे आणि ती कायदेशीर आहे का? पाच वर्षांनी ती चालू राहील का? युनिकोड मराठी टायपिंग पहिल्या दिवसापासून आहे का? आणि बंद पडलं तर दुरुस्त करायला, शिकवायला कोण येणार, त्याचं नाव काय? चौथ्या प्रश्नाला नाव मिळालं नाही, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही चांगली असू द्या, यंत्र कपाटातच जाणार.

घरच्यासाठी घेत असाल तर पुसण्याआधी बघा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आठवडाभर वापरा. आवडलं नाही तर विंडोज रीतसर घ्या. निदान निवड तुमची असेल, दुकानदाराची नसेल.

ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायका बोर्डीला आल्या. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्या रडत बसल्या नाहीत, आणि स्वस्त साधनं वाटून निघूनही गेल्या नाहीत. त्यांनी शिंपले गोळा केले आणि मुलांजवळ बसल्या. स्वस्त लॅपटॉपच्या वीस-पंचवीस वर्षांच्या इतिहासात शिंपले पुष्कळांनी वाटले. बसायला माणसं कमी पडली.

तुमच्या ओळखीच्या शाळेत विंडोज १० वर अडकलेली यंत्रं असतील तर कमेंटमध्ये गाव आणि यंत्रांची संख्या लिहा, शिक्षकांची किंवा मुलांची नावं नकोत. आणि ज्यांना थोडंफार लिनक्स येतं, महिन्यातला एक रविवार देता येईल, त्यांनीही लिहा. यादी झाली की एकत्र बसू. पहिली शाळा कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवा.